तलवारीची रांग आणि हरभऱ्याची पाटी

पहिल्या दिवशी सकाळी साडेअकराला मी आमच्या स्टॉलवरच्या सगळ्या तलवारी गोळा केल्या आणि टेम्पोत नेऊन टाकल्या. तलवारी म्हणजे पोहायला शिकताना वापरतात ते फोमचे नळे, कापून मूठ चिकटवलेले. त्याच बनवायला आमचे तीन रविवार गेले होते. मुलं मागून ओरडत होती, "ताई, आमचा नंबर राहिला!" तरीही मी नेल्या. त्याचं कारण आणि दुसऱ्या दिवशी आम्ही काय केलं, ते इथं लिहिते. असा स्टॉल लावणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, 11 महाराष्ट्रातले आणि 12 वा तमिळनाडूतला जिंजी. त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावातल्या शाळेनं दोन दिवसांचं प्रदर्शन ठरवलं आणि 'मराठ्यांचं लष्कर' हा विषय आमच्या गळ्यात पडला. आम्ही सहा जण. रविवारी किल्ले हिंडणारे, त्यापलीकडं कुणी नाही. एकाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, एक निवृत्त इतिहासाचे सर, मी बँकेत. जागा दहा बाय दहाचा मांडव, दोन टेबलं, एक सतरंजी. शाळेनं सांगितलं होतं की चाळीस मुलांची तुकडी पंचवीस मिनिटं तुमच्याकडं राहील, मग शिट्टी. म्हणजे दहा-दहाचे चार गट आणि प्रत्येक जागी सहा मिनिटं. आमच्या हातात होता तो एवढाच वेळ, आणि तो किती थोडा आहे हे आम्हाला आधी उमगलं नव्हतं.

पहिल्या दिवसाची मांडणी अशी: मागच्या पडद्यावर धार नसलेली शस्त्रं, म्हणजे धोप, पट्टा, कट्यार, बिचवा, दोराचा विटा, ढाल. एका टेबलावर चिलखताच्या कड्या. दुसऱ्यावर तोड्याची बंदूक भरायची कवायत: प्लॅस्टिकच्या पाइपाची नळी, दारूऐवजी रवा, गोळीऐवजी गोटी, लाकडी गज. कोपऱ्यात जिरेटोप घालून फोटो. आणि मधोमध, चुन्यानं आखलेल्या वर्तुळात, फोमच्या तलवारींचं द्वंद्व.

वर्तुळानं बाकी सगळं खाऊन टाकलं. दहाच्या गटातली आठ मुलं तिथंच. रव्याला अकरापर्यंत मुंग्या लागल्या, आणि कुणाची तरी धाकटी बहीण 'दारू' मुठीनं खात होती. सर पडद्यासमोर उभे राहून विट्याला दोर का बांधतात ते सांगत होते. फेकला, की ओढून परत घ्यायचा. ऐकणारे दोघं. एका मुलीच्या कानावर फटका बसला, तिची आई आली, आणि मला जे बोलली ते योग्यच होतं. फोम असला तरी कान तो कान.

पण टेम्पोत तलवारी गेल्या त्या कानामुळं नाहीत.

सहावीची तुकडी आली होती. वर्तुळात दोघं उभे करायचे म्हटल्यावर मुलांनी आपापसात नियम केला: एक मावळा, एक खान. आम्ही हा नियम केला नव्हता, आणि मोडलाही नाही. एका मुलाला बाकीचे म्हणाले, "तू खान हो. तुझं आडनावच आहे की." तो हसत हसत झाला. खाननं हरायचं असतं, म्हणून हरला. पुन्हा रांगेत लागला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं हातातला नळा चुन्याच्या रेघेवर आडवा ठेवला, अगदी नीट, रेघेला समांतर, आणि चिलखताच्या टेबलापाशी जाऊन बसला. शिट्टी होईपर्यंत पकडीनं कड्या बंद करत राहिला. अकरा कड्या केल्या. त्या दिवशी कुणीच एवढ्या केल्या नव्हत्या.

मी हे सगळं पाहत होते आणि दहा मिनिटं काही केलं नाही, कारण रांग आवरत होते. हे लिहायला बरं वाटत नाही.

सरांनी नंतर त्या गटाला थांबवून सांगायचा प्रयत्न केला. 1665 ला पुरंदरला वेढा घालायला आलेल्या मोगली फौजेचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता, अंबरचा राजपूत राजा. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही महत्त्वाच्या, आणि त्या क्षणी दोन्ही वाया. हातात तलवार आणि समोर 'खान' असताना सहावीतलं पोर सेनापतींची यादी ऐकत नाही. तोंडानं सांगितलेलं हातानं केलेल्यापुढं टिकत नाही. मुलांच्या हातांना आम्हीच शिकवलं होतं की लष्कर म्हणजे समोरच्याला हाणणं. मग तोंडानं काहीही सांगा.

रात्री फॅब्रिकेशनवाल्या दादाच्या ओट्यावर बसलो. वाद झाला. एकाचं म्हणणं, तलवारी काढल्या तर पोरं येणारच नाहीत. दुसऱ्याचं, दोन्ही बाजूंना मावळेच करू, सरावाची कुस्ती म्हणून. मला ते पटलं नाही. खेळात हरणारा लागतोच, आणि हरणाऱ्याला मुलं नाव देतातच. शेवटी दादानंच चहाचा पेला खाली ठेवत नियम सांगितला, तोच आम्ही धरला: कुठल्याही खेळात कुठल्याही पोराला शत्रू व्हायला लागता कामा नये. समोर कुणीतरी हवंच असेल तर वजन असू दे, चढ असू दे, पाऊस असू दे.

उंदीर सरांनी सुचवला. तो पुढं येतो.

दुसऱ्या दिवशी बंदूक गेली (मुंग्यांमुळं, तत्त्वामुळं नाही), वर्तुळ गेलं. फोटोचा कोपरा तसाच ठेवला, फक्त मांडवाच्या बाहेर काढला. पालकांना तो हवा असतो, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. जिरेटोपाची रांग बाहेर लागली की आत जागा होते, हा फायदाच.

पट्टा मुलांना हवाच होता, म्हणून तो असा दिला. खऱ्या दांडपट्ट्याची खोबळी कोपरापर्यंत हात झाकते, आणि मूठ पात्याला आडवी असते. आत हात घातला की मनगट वळतच नाही, वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. दादानं पाण्याच्या जाड पाइपाचे तुकडे कापले, आत आडवी पकड बसवली, पुढं हातभर लवचीक पट्टी आणि तिच्या टोकाला मेणाचा खडू. समोर भिंतीवर वर्तमानपत्राचे मोठे कागद. सांगितलं, चौकोन काढा. येत नाही. नाव लिहा. येत नाही. कुणी कितीही जोर लावला तरी कागदावर उमटतात त्या कमानी, एकावर एक, चंद्रकोरीसारख्या. सातवीतली एक मुलगी दोन मिनिटं झगडून म्हणाली, "म्हणजे हे फिरायलाच बनवलंय." कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात पट्टेवाला स्वतःभोवती का गरगरतो, हे एरवी मला समजावून सांगता आलं नसतं. तिनं ते कागदावर काढलंच होतं.

चिलखताचं टेबल तसंच राहिलं. गॅल्व्हनाइज्ड तारेच्या कड्या, गजावर गुंडाळून कापलेल्या. एक कडी चार कड्यांत अडकवायची आणि पकडीनं तोंड मिटवायचं. सहा मिनिटांत बहुतेकांच्या तीन-चार होतात. मग तळहाताएवढा तयार तुकडा हातात द्यायचा आणि कड्या मोजायला लावायच्या. पुढं काही बोलावं लागत नाही. आपला अख्खा सदरा असा विणायचा म्हणजे किती दिवस, याचा हिशेब पोरं स्वतःच मांडायला लागतात, आणि 'असं चिलखत सगळ्यांना मिळायचं का?' हा प्रश्न आपोआप येतो. बाजूला वाळूच्या कप्प्यांची बंडी ठेवली होती, पाच किलोची. ती घालून मैदानाला एक फेरी. पळून आलेला मुलगा काही विचारत नाही, पाणी मागतो.

जंगीला, म्हणजे तटातून बाहेर नेम धरायच्या भोकाला, मात्र मी फारसा वेळ दिला नाही, आणि चुकले. टीव्हीच्या मोठ्या खोक्याला तिरकं भोक पाडलं होतं, आतून रुंद, बाहेरून अरुंद, तटातल्या जंगीसारखं. आत बसलेल्या पोराला बाहेरच्यांचे पाय, पोट, सगळं दिसतं, आणि बाहेरच्याला आत नुसता काळोख. कुणी राखायला नव्हतं तरी पोरं आपणहून आत-बाहेर करत होती. असल्या गोष्टी जास्त हव्यात: माणूस न लागणाऱ्या.

गोमुखाचं, म्हणजे बुरुजांच्या आड लपवलेल्या दरवाज्याचं, काम मातीत. इथं आमची मुलं जगातल्या कुठल्याही मुलांच्या पुढं आहेत, कारण दर दिवाळीला अंगणात किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, आणि दरवाज्यापेक्षा उंच मावळा दरवाज्यात उभा करतात. तीच सवय धरली. परातभर लाल चिखल, एक काडेपेटीचा दरवाजा, आणि अर्ध्या विटेला बांधलेला प्लॅस्टिकचा हत्ती. नियम एकच: हत्तीला दाराशी पोचण्याआधी हातभर सरळ धाव मिळाली, तर दार पडलं. पहिल्यांदा सगळे दार समोर ठेवतात, दिवाळीत ठेवतात तसं. हत्ती येतो, दार पडतं. मग कुणी जाड भिंत करतं, आणि तरी दार पडतं, कारण दार भिंतीत आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणाच्या तरी डोक्यात येतं की भिंत वळवावी. दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतात, वाट त्यांच्यामधून मुरडत जाते, दार आड होतं. तेव्हाच रायगडाच्या महादरवाज्याचा फोटो दाखवायचा. आधी दाखवला तर पोरं नक्कल करतात. हे आम्ही दोनदा करून पाहिलंय.

आता पागा, म्हणजे सरकारी घोड्यांचा तबेला. या सगळ्या लिखाणाचा जीव इथं आहे.

1673-74 च्या सुमारास, मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला असताना, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना एक पत्र पाठवलं. लढाईबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. आहे ते दाणा, वैरण आणि चुलीबद्दल. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत बेतानं वापरा. आत्ता मनाला येईल तसं चाराल तर पुढं मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्यांकडून कुणी दाणे, कुणी गवत, कुणी भाजी आणाल. तेव्हा जे कुणबी कसेबसे घर धरून राहिलेत तेही जाऊ लागतील, आणि त्यांना वाटेल, मोगल आले त्याहून हे जास्त. जे लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्या. आणि रात्री दिवे सांभाळा, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल.

सरांना हे पत्र जवळजवळ पाठ आहे. ते म्हणाले, "यातच सगळा खेळ लिहून ठेवलाय. आपण फक्त वाट्या मोजायच्या."

दोरीवर कपड्यांचे पंचवीस लाकडी चिमटे, स्केचपेननं डोळे काढलेले: ही घोडी. पंचवीसच का? राजाराम महाराजांसाठी जिंजीला बसून लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानं नोंदलंय की पंचवीस बारगिरांमागं, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांमागं, एक हवालदार असे. पाच मुलांचा डाव: एक हवालदार, पाटीवर हिशेब लिहिणारा एक कारकून, दोन बारगीर, एक कुणबी. पाटीत बारा वाट्या हरभरा. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे आठ पंधरवडे, प्रत्येक पंधरवड्याला एक चिठ्ठी उचलायची. पोटभर चंदी (घोड्यांचा दाणा) म्हणजे दोन वाट्या, अर्धपोटी एक. लागोपाठ दोनदा अर्धपोटी ठेवलं तर तीन चिमटे दोरीवरून काढायचे. दहा नाणी होती, दोन नाण्यांना बाजारातली एक वाटी. पण 'ओढ्याला पूर' अशी चिठ्ठी आली की तेवढा पंधरवडा बाजार बंद. 'उंदरानं वात नेली' आली आणि रात्रीचा पहारेकरी नेमलेला नसेल, तर तीन वाट्या जळाल्या. पहारेकरी म्हणजे एका बारगिरानं सबंध डाव एक हात वर धरून उभं राहायचं. कंटाळवाणं काम, म्हणून कुणाला नको असतं. आणि कुणब्याच्या ताटलीत त्याच्या आठ वाट्या, दर पंधरवड्याला एक त्याच्या घरची. म्हणजे नेमक्या पुरणाऱ्या.

गणित असं बसवलं होतं की नीट वागलं तर कुणब्याच्या ताटलीला हात न लावता पावसाळा निघतो. जवळजवळ कुणीच नीट वागलं नाही. पहिले तीन पंधरवडे पोटभर, कारण पाटी भरलेली दिसते. मग उंदीर. मग पूर. पाचव्याला पाटीच्या तळाशी चार दाणे.

दुपारी शाळेबाहेरच्यांसाठी स्टॉल खुला झाल्यावर आठवीतल्या मुलींचा एक डाव बसला. मुलगा कमी पडला म्हणून एकीनं आपल्या भावाला कुणबी केलं. पाचवीतलं असेल ते पोर. पाचव्या पंधरवड्याला त्यांची पाटी रिकामी झाली, ओढ्याला पूर. हवालदारीण त्याची सख्खी बहीण. म्हणाली, "घे गं दोन वाट्या त्याच्यातल्या. लहानाय तो, त्याला काय कळतंय." त्यानं ताटलीवर दोन्ही पंजे पालथे घातले. बारगिरांनी हळूच बोटं सोडवून दोन वाट्या काढल्या. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा हात आला, तेव्हा तो उठला, ताटली दोन्ही हातांत धरून मांडवाबाहेर गेला आणि शेजारच्या विज्ञानाच्या स्टॉलखाली जाऊन बसला. "ये की रे," बहीण म्हणाली. तो तिथूनच म्हणाला, "मी तुमच्या गावात राहत नाही आता."

सरांनी तेव्हा पत्रातला तो भाग वाचला. कुणबी जाऊ लागतील, तो. मुलींनी ऐकला. हवालदारीण वैतागून म्हणाली, "पण आम्ही परत देणारच होतो ना!" सर म्हणाले, "हे त्याला सांगितलंत का?" तिनं उत्तर दिलं नाही. भावाला आणायला गेली. तो लगेच आला नाही.

दिवसभरात बावीस डाव झाले आणि असं एकदाच घडलं, हेही सांगायला हवं. बहुतेक वेळा कुणबी झालेला मुलगा हसत हसत वाट्या देऊन टाकायचा, कारण खेळ आहे. एका गटानं कुणब्यालाच बारगीर करून टाकलं, हरभऱ्यासकट, आणि यावर काय म्हणावं ते सरांनाही सुचलं नाही. (इतिहासात हेही झालंय. शेती सोडून घोड्यावर बसलेले पुष्कळ.) दोनच डाव सगळी पंचवीस घोडी राखून संपले. दोन्हींत पहिल्या फेरीपासून पहारेकरी होता.

न जमलेलंही सांगते. नववीची मुलं हरभऱ्यापाशी बसलीच नाहीत. त्यांनी वाळूच्या बंडीची शर्यत लावली आणि सगळा वेळ तीच केली. सहा मिनिटांत पागेचा डाव संपत नाही, दहा लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक गट एका जागेला मुकला, आणि शाळेची शिट्टी आमच्यासाठी थांबत नव्हती. 'तलवार कुठंय?' हे दिवसभर ऐकलं. पडद्यावर आहे, बघ, म्हटलं की तोंड पाडून निघून जाणारेही होते. त्यातली काही पोरं आम्ही गमावली, आणि पुढच्या वेळी त्यांच्यासाठी काय करायचं यावर ओट्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. गोफण ठेवू, लोकरीचे गुंडे आणि समोर टांगलेली परात, असं एकाचं म्हणणं आहे. परातीला नाव कोण देणार, असं माझं.

संध्याकाळी आवरायला घेतलं, तेव्हा आदल्या दिवशीचा तो सहावीतला मुलगा आला. एकटाच. आधी चिलखताच्या टेबलाशी गेला, आपण बंद केलेला तुकडा ओळखून काढला. मग पागेपाशी आला. चार जण जमेनात, म्हणून हवालदार तो, बारगीर मी, कारकून सर, कुणबी दादा. त्यानं पहिल्याच फेरीत मला पहाऱ्याला उभं केलं, हात वर. आठवा पंधरवडा निघाला तेव्हा दोरीवर बावीस चिमटे होते. तो त्यांच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, ही पाणी कुठं पितात?"

सरांनी कपाळाला हात लावला. सभासदानं हवालदाराच्या ओळीलगतच लिहिलंय की दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी, म्हणजे कातडी पखालीतून पाणी आणणारा, आणि एक नालबंद. आम्ही घोडी पंचवीस घेतली, हवालदार घेतला, आणि पखालजी विसरलो.

पखाल आता करायचीय. चामड्याची मिळाली तर बरं, नाहीतर ट्रकच्या ट्यूबची. दादानं माप घेऊन ठेवलंय.